करंजाचा घेर

एकदा एक शिष्य आपला पहिला अहवाल घेऊन गुरूच्या दारी आला. गुरू म्हणजे कोणी जटाधारी साधू नव्हेत हो. नवा रस्ता यायच्या आधी त्या जागेवर जायचं, रस्त्यात काय काय जाणार आहे ते बघायचं, झाडं, विहिरी, बागा, पाखरं, आणि सारं लिहून वर कळवायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आता ते निवृत्त होते. त्या कामात एक रीत होती. पहिल्या अहवालावर सही करण्यापूर्वी तो गुरूच्या नजरेखालून घालायचा.

विषय मोठा होता. गावाबाहेरून जाणारा महामार्ग आणखी रुंद व्हायचा होता, आणि त्याला लागून असलेली सार्वजनिक बाग त्यात जायची होती. बागेत दोनशे एकसष्ट झाडं. बावीस वर्षांपूर्वी रस्ता पहिल्यांदा वाढला, तेव्हा बागेचा पुढचा अर्धा भाग गेला होता. आता उरलेला अर्धा.

गुरूंनी चष्मा लावला आणि सगळी पानं शांतपणे वाचली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'पाहणीच्या वेळी उद्यानात नागरिकांचा वापर आढळला नाही. पशुपक्षी आढळले नाहीत. परिणाम नगण्य.' खाली सहीची जागा कोरी होती.

"किती वाजता गेला होतास?" गुरूंनी विचारलं.

"साडेबाराला. गाडी तेव्हाच मिळाली, गुरुजी."

"आत गेलास?"

"फाटकाला कुलूप होतं. कठड्यावरून सगळी बाग दिसते की. चिटपाखरू नव्हतं."

"कधी द्यायचाय हा?"

"उद्या सकाळी. साहेब वाट बघताहेत. हा दिला की माझी नेमणूक कायम होईल."

गुरूंनी अहवाल मिटून त्याच्या हातात दिला. खुंटीवरची कापडी फीत घेतली, कोनाड्यातली एक जुनी वही घेतली, छत्री घेतली. "चल," म्हणाले, "आज वैशाखातला तोच दिवस आहे. मी मोजतो, तू लिही."

दोघं महामार्गावर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला बागेचा लोखंडी कठडा, आणि मधे खडीची रुंद पट्टी. त्या पट्टीवर गवताची काडीसुद्धा नव्हती. शिष्य तिच्यावरून सरळ चालत गुरूंच्या मागे गेला. पुढे दहा-बारा शेळ्या बसल्या होत्या. भर उन्हात, तापलेल्या खडीवर, गोल करून. एकही धापा टाकत नव्हती. डोळे मिटून रवंथ करत होत्या. त्या गोलाच्या बाहेर मात्र एकही शेळी नव्हती.

शिष्याला ते विचित्र वाटलं. उन्हानं डोकं फिरलं असेल शेळ्यांचं, असं मनाशी म्हणून त्यानं गुरूंनी दिलेली वही उघडली. प्रत्येक पानावर एका झाडाचं नाव होतं आणि खाली बावीस ओळी, दरसालची एक. पहिलं पान होतं करंजाचं.

तेवढ्यात समोरून एक बाई आली. डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांची टोपली. शेळ्यांपाशी येताच तिनं टोपली डोक्यावरून उतरवून कडेवर घेतली, चार पावलं वाकून चालली, आणि मग टोपली पुन्हा डोक्यावर चढवली. वरती होतं काय? आभाळ.

"काय साहेब, आलात का मोजायला?" ती गुरूंना म्हणाली. "यंदा नवीन माणूस धरून आणलाय वाटतं."

"शिष्य आहे माझा, कौतिकाबाई."

"बरं झालं. तुमचे गुडघे आता सात झाडांनासुद्धा पुरत नाहीत. गेल्या साली इथंच मटकन बसला होतात."

शिष्याला राहवलं नाही. "मावशी, टोपली का उतरवलीत?"

"फांदी आहे ना आडवी."

"कुठे?"

कौतिकाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं, जणू या पोराला डोळे करून द्यायचे राहून गेलेत. "होती म्हण, हवं तर. पंधरा वर्षांची होते तेव्हापासून आपटतेय टोपली तिच्यावर. एकदा सगळ्या शेंगा रस्त्यात."

"म्हणजे सवय लागली तुम्हाला," शिष्य म्हणाला. त्याला जरा हायसं वाटलं.

"माझी सवय. पण माझी सून झाड तोडल्यावर नांदायला आली या गावात. मी तिला कधी काही सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी तिनं इथं टोपली उतरवली." बाई चालू लागली, मग मागे वळून म्हणाली, "शेळ्यांना हाकलू नका रे. त्यांची दुपार आहे ती."

शिष्याच्या पाठीवरून घामाचा एक थेंब ओघळला, आणि तो त्याला गार लागला.

गुरू शेळ्यांच्या मधून वाट काढत गोलाच्या मध्यावर गेले. "इकडे ये. हे टोक धर. छातीइतक्या उंचीवर. झाडाचा घेर नेहमी तिथंच मोजतात, ठाऊक आहे ना?"

"गुरुजी, पण इथं झाड नाही."

"टोक धर."

त्यानं टोक धरलं. गुरू फीत सोडत सोडत त्याच्या उजव्या बाजूनं निघाले, मोकळ्या जागेला फेरा घालून डाव्या बाजूनं परत आले, आणि फितीचं दुसरं टोक त्याच्या बोटांपाशी टेकवलं. आता बघा, कापडी फीत ती. दोन्ही टोकं एकाच जागी धरली तर मधला भाग लोंबून पायाशी पडायला हवा. शिष्य तेच बघायला वाकला. फीत पडली नव्हती. छातीइतक्या उंचीवर ती गोल उभी होती, कशाला तरी टेकून.

एक मालमोटार भर्रकन गेली. वाऱ्यानं शिष्याचा सदरा फडफडला, वहीची पानं उडाली. फीत हलली नाही.

"ओढून बघ," गुरू म्हणाले.

त्यानं ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. फीत ताणली गेली आणि तिथंच अडली. बोटांना कळत होतं, पलीकडे काहीतरी खरखरीत आहे.

"सहा फूट दोन इंच," गुरूंनी वाचलं. "लिही. गेल्या साली सहा फूट एक होता. तोडला तेव्हा चार फूट नऊ."

शिष्याच्या हातून टोक सुटलं. फीत सरसरत खाली आली आणि खडीवर पडली, साधी फीत पडते तशी. एक शेळी तिला हुंगून पुन्हा डोळे मिटून बसली.

मग बाकीची सहा झाडं. शिरीष, दोन कडुनिंब, बहावा, कांचन आणि एक कसलंसं, ज्याचं नाव गुरूंनासुद्धा कधी कळलं नव्हतं. प्रत्येक वेळी फीत अडली. शिष्यानं आकडे लिहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. शेवटचं मोजून झालं तेव्हा साडेतीन होत आले होते. दोघं कठड्याला टेकून बसले.

"हे काय आहे, गुरुजी?"

गुरूंनी फीत गुंडाळत गुंडाळत सांगितलं.

"बावीस वर्षांपूर्वी इथला अहवाल माझा होता. मीही वैशाखात आजच्याच दिवशी, साडेबारालाच आलो होतो. ऑफिसची गाडी चहापाणी आटोपून निघायची, तेव्हा तीच वेळ व्हायची. फाटकाला कुलूप होतं. बागेची वेळ सकाळी अकरापर्यंत, आणि पुन्हा दुपारी चारनंतर. तशी पाटी फाटकावर होती. मी ती वाचली, आणि तरी कठड्यावरून बघून लिहिलं, 'वापर आढळला नाही.' वाक्य खोटं नव्हतं रे. खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं. ते खरं होतं म्हणून त्याच्यावर शिक्के बसत गेले. एकशे अठरा झाडं गेली. पुढल्या साली मी फीत घेऊन आलो. म्हटलं, एकदा मोकळ्या जागेला फेरा घालावा, काही लागत नाही याची खात्री करावी, आणि शांत झोपावं. फीत अडली. तेव्हापासून येतो. एका दिवसात सातच होतात माझ्यानं. उरलेल्या एकशे अकरांकडे जायची हिंमत झाली नाही. तू विचारतोस, हे काय आहे. मला एवढंच समजलंय की मी तपासणी पुरती केली नाही, म्हणून ती संपली नाही. त्या दिवशी साडेतीन तास इथं बसलो असतो, तर बावीस वर्षं यावं लागलं नसतं. कदाचित रस्ता तरीही झाला असता. पण काय गेलं ते निदान कागदावर असतं, आणि मग ते असं इथं उभं राहिलं नसतं."

शिष्यानं पिशवीतून अहवाल काढला. शेवटचं पान उघडलं.

"उद्या सकाळी द्यायचाय ना?" गुरूंनी विचारलं.

"नाही देता येणार."

"नेमणूक?"

"बघू." मग म्हणाला, "दोनशे एकसष्ट म्हणजे दिवसाला सात धरली तर किती दिवस होतील, तेच मघापासून मनात येतंय."

चारला पाच मिनिटं होती. फाटकापाशी माणसं जमू लागली होती. समोरच्या इस्पितळातून एक बाई डबा घेऊन आली. तिचा नवरा आत भरती होता, आणि तिची दिवसातली एकच जेवणाची वेळ या बागेत व्हायची. दोन म्हातारे पटाची घडी काखेत मारून भांडत उभे होते. "काल तू उंट चोरलास." "मी चोरला? माझ्याकडे तर घोडाही धड नव्हता!" एक मुलगी सायकल शिकायला आली होती, मागे तिची आई, सावरायला हात आत्तापासूनच पुढे. रखवालदारानं कुलूप काढलं तसा आतल्या झाडांवर साळुंक्यांचा एकच गलका उठला, जणू त्याही फाटकाचीच वाट बघत होत्या.

शिष्यानं 'नगण्य' या शब्दावर आडवी रेघ मारली. नव्या कागदावर सगळ्यात वर लिहिलं, 'पाहणीची वेळ : दुपारी चारपासून.' खाली पहिली नोंद केली, डबा घेऊन आलेल्या बाईची. मग तो उठला आणि फाटकाकडे निघाला.

वाट त्याच खडीच्या पट्टीवरून होती. शेळ्या उठून गेल्या होत्या. दुपारी येताना तो तिथून ताठ चालत आला होता. आता करंजाच्या जागेपाशी आला तेव्हा त्यानं कागद छातीशी धरले, मान खाली घातली, आणि चार पावलं वाकून गेला.

गुरूंनी ते पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, शिष्यानं कठड्यापाशी ठेवलेल्या पिशवीत फीत टाकून ते घरी गेले.

आपल्याही बागेपाशी कुणी फीत आणि कागद घेऊन भर दुपारी आलं, तर भांडू नका. गार पाणी द्या, चहा टाका, घरच्यांची चौकशी करा, आणि काही झालं तरी चार वाजेपर्यंत त्याला उठू देऊ नका.