मोराईची पालखी आधी कुणाच्या दारी

बसा मंडळी, पारावर सावली आहे. चैत्रातल्या जत्रेला आमच्या मोराईची पालखी देवळातून निघते, ती पाटलांच्या दारावरून न थांबता पुढे जाते. गावात सगळ्यांत शेवटी राहायला आलेलं घर जे असेल, त्याच्या उंबऱ्यापुढे ती पहिल्यांदा टेकते. पाहुण्यांना याचं नवल वाटतं.

फार पूर्वी ही मोरदरी साळ्यांची होती, असे सांगतात. घरोघरी माग चालत. पुढे खालच्या परगण्यात नवी पेठ बसली आणि तिथे लुगड्याला दुप्पट दाम मिळू लागला. आधी लिंबाजी साळ्याचं बिऱ्हाड हललं, मागोमाग त्याचे भाऊबंद. विणकर गेले तसे रंगारीही गेले, बाजार मोडला. एका जत्रेला तर पालखीला खांदेच पुरेनात.

त्याच सकाळी म्हणे येसू कासार आपले भाऊ, बायका-पोरं घेऊन वेशीवर आला. त्याच्या मुलखात पाऊस नव्हता, भांडी घेणारं कुणी नव्हतं. गावकरी आडवे झाले. "आमचीच माणसं पोटामागं गेली. तुम्हाला खायला कुठून घालायचं?"

पालखीच्या पहिल्या आरतीचा मान पिढ्यान् पिढ्या पाटलांचा. त्या घरची सुंद्राबाई हे ऐकून वेशीपर्यंत चालत आली. म्हणाली, "आपला लिंबाजीही असाच कुणाच्या तरी वेशीवर उभा राहिला असेल. त्याला आत घेतलं नसतं तर?"

तिनं लिंबाजीच्या बंद घराची कडी काढून दिली.

गावकऱ्यांनी पालखी उचलून पाहिली, हलेना. कासार भावांनी खांदा दिला आणि ती फुलासारखी उठली म्हणे. पाटलांच्या दाराशी आली तेव्हा सुंद्राबाईनं आरतीचं ताट येसूच्या बायकोच्या, गोजराच्या हाती ठेवलं. "आधी हिच्या दारी न्या. माझ्या दारी आई पिढ्यान् पिढ्या आलीच आहे."

कासारांची भांडी चालली. गिऱ्हाईक येऊ लागलं, बाजार पुन्हा भरला. ते ऐकून काही वर्षांनी लिंबाजीही परतला. येसू घर रिकामं करायला निघाला, तर लिंबाजीनं त्याचा हात धरला. "राहू दे. शेजारी नवं बांधू, तू भिंतीला हात लाव." त्या चैत्रात पालखी आधी लिंबाजीच्या नव्या दारी टेकली, कारण आता नवखा तोच होता.

आजही तसंच चालतं. मागल्या साली फरशी बसवणाऱ्या राजस्थानी जोडप्याच्या भाड्याच्या खोलीपुढे थांबली. आणि यंदा? माझा थोरला पुण्याची नोकरी सोडून सूनबाईसह इथे परत आला, वेल्डिंगचं दुकान टाकलं. मिळकत तिकडच्यापेक्षा कमीच आहे. मी जन्मभर पालखीला खांदा दिला, पण यंदा पहिल्यांदाच माझ्या दारात उभा राहून तिची वाट पाहिली. आली तेव्हा हात जोडायचंसुद्धा सुचलं नाही मला, नुसता बघत राहिलो.