ऐच्छिक रकाना

एका गावात एक भोळा शिंपी होता. लोकांची नावं कशाला घ्या, तो शिंपी मीच. वामन ढोबळे.

माझी मुलगी केतकी हुशार. पण चौथीत तिला कावीळ झाली, दोन महिने शाळा बुडाली आणि गणितात मार्क घसरले. पाचवीला तिला तालुक्याच्या चांगल्या शाळेत घालायचं ठरलं. तिथल्या फॉर्मात शेवटी एक मोठा चौकोन होता. ‘अधिक काही सांगायचे असल्यास येथे लिहा (ऐच्छिक).’

मी बायकोला विचारलं, “कुमुद, ऐच्छिक म्हणजे काय गं?”

ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “म्हणजे आपली इच्छा.”

मी इच्छा लिहिल्या. दुकानाला नवीन मशीन यावं. गुडघा दुखायचा थांबावा. सासूबाईंनी यंदा दिवाळीला आमच्याकडे येऊ नये.

मुख्याध्यापिका बाईंनी ते मोठ्याने वाचलं. कुमुद माझ्या शेजारीच बसली होती.

प्रवेश मिळाला नाही. एसटीत कुमुद दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “अहो, घरात आजारपण होतं, म्हणून मार्क कमी पडले, असं लिहायचं असतं तिथे!”

मला पटलं. दुसऱ्या शाळेचा फॉर्म आणला आणि घरातलं आजारपण लिहायला बसलो. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करावी म्हणून आधी आमच्या अण्णांचा दमा लिहिला. मग कुमुदची कंबर, माझं अपचन, शेळीची खुरकत. केतकीचा नंबर यायच्या आत चौकोन संपला.

तिथले हेडमास्तर पाटणकर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “ढोबळे, आमच्या शाळेत मुलगी येणार आहे की शेळी?”

“मुलगी, सर.”

“मग तिचं काही सांगायचं आहे का?”

“आहे ना सर. पण जागा पुरली नाही.”

त्यांनी फॉर्म परत दिला. दया येऊन वर म्हणाले, “असं करत जा. रकाना कोरा सोडू नका आणि गोष्टही लांबवू नका. सुचलं नाही तर ‘काही नाही’ लिहून मोकळे व्हा.”

हे मी गाठीशी बांधलं.

आता एकच शाळा उरली होती. या वेळी कुमुदने मला फॉर्मला हात लावू दिला नाही. चौकोनात केतकीने स्वतःच लिहिलं, ‘मला कावीळ झाली होती. तेव्हा भागाकार राहून गेला. मे महिन्यात मी तो शिकले. विचारून बघा.’

तिथल्या बाईंनी विचारून बघितलं. तिसऱ्या दिवशी शाळेचं पत्र आलं, प्रवेश दिला आहे म्हणून! केतकी घरभर नाचली. मग शेजारीपाजारी सांगायला पळाली.

पत्रासोबत एक कागद होता. पालकांनी भरून पाठवायचा. कुमुद अंगणवाडीत गेली होती, घरी मी एकटाच. म्हटलं, एवढं तरी आपण करावं. खाली सही केली. वर एक रकाना कोरा दिसला. रकाना कोरा सोडायचा नसतो, हे मला आता माहीत होतं. सुंदर अक्षरात दोन शब्द लिहिले आणि त्याच दिवशी पोस्टात टाकला.

आठवड्याने बाईंचा फोन आला. “अहो ढोबळे, इतकी गुणी मुलगी! तुम्ही जागा का सोडलीत?”

“मी कुठे सोडली, बाई? मी तर लगेच कागद पाठवला.”

“तोच माझ्या हातात आहे. ‘प्रवेश नाकारत असल्यास कारण लिहा.’ त्यापुढे तुमच्या अक्षरात लिहिलंय, ‘काही नाही.’ खाली तुमची सही. जागा सोमवारी दुसऱ्या मुलीला दिली.”

केतकी आता गावातल्याच शाळेत जाते. पहिला नंबर काढते. शाळेतून कुठलाही कागद आला, की घरात शिरताना आधी माझ्या खिशातलं पेन काढून घेते.