तबीला कोण उठवणार

“बुवा, निवाडा करा. मेल्यावर माणसानं कुणाशेजारी निजावं? आईशेजारी, का पोरीशेजारी?”

पायातले बूट काढायच्या आधीच शांतवननं हे विचारलं.

बुवा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांचा हात काही थांबला नाही.

“आधी सलाम तर कर, शांत्या. बेचाळीस वर्षांनी आलास.”

ऐका तर. बेलखडी म्हणून एक गाव, गावाच्या कडेला आमची ख्रिस्ती वस्ती, आणि त्या वस्तीत राहायचे लाजरसबुवा. प्रभूचं कीर्तन करायचे. जन्माचे आंधळे, पण एकदा कानावर पडलेलं जन्मात विसरायचे नाहीत. शांतवन हा त्यांचा शिष्य. कीर्तनात त्यांच्या मागं उभा राहून झील धरायचा. त्याची बायको सालोमी. दोघं लग्न झाल्यावर परदेशी गेली, ती म्हातारी होऊन आली. बुवा माझे चुलत सासरे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं.

“सलाम, बुवा.”

“सलाम. आणि सूनबाई कुठाय? बांगड्या वाजल्या होत्या मघाशी.”

सालोमी अंगणातच उभी होती, नवऱ्याकडं पाठ करून.

“सलाम, बुवा. मी इथंच बरी आहे.”

“बोलत नाही ती माझ्याशी. आज तिसरा दिवस,” शांतवन म्हणाला.

“चांगलं झालं. बेचाळीस वर्षांत तिला तेवढीच विश्रांती.”

मी तोंडाला पदर लावला. सालोमीचे खांदेसुद्धा जरा हलले.

शांतवननं खुर्ची ओढली आणि आपलं पुराण लावलं. आधी आफ्रिकेत तांब्याची खाण. तिथं झाडाखाली उपासना व्हायची, ढोल वाजायचे. मग कॅनडा, विनिपेग शहर. तिथं आपली सहा मराठी घरं. रविवारी एका देवळाच्या तळघरात जमायचं, पेटी काढायची, आपली गीतं म्हणायची. पुढं निवृत्त झाल्यावर एकोणीस देश पाहिले.

“आणि प्रभू जिथं चालला, तिथंही जाऊन आलो, बुवा! त्याचा बाप्तिस्मा झाला त्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो.”

“पाणी कसं होतं?”

“पाणी...” शांतवन अडखळला. “गढूळ होतं.”

“आपल्या ओढ्यासारखं?”

“तसंच.”

“मग काय केलंस?”

“खरं सांगू? ओढा आठवला. आई धुणं धुवायची तो खडक आठवला...”

 एवढा सुटाबुटातला माणूस, पण हनुवटी लहान लेकरासारखी थरथरली.

त्याची आई रिबकाबाई वारली, तेव्हा त्याला येता आलं नव्हतं. तार पोचली, तोवर माती होऊन गेली होती. तेवीस वर्षं ते त्याच्या उरावर होतं. म्हणून आता आल्याआल्या तो पंचांकडं गेला आणि कबरस्तानात आईच्या शेजारच्या दोन जागा लिहून घेतल्या. एक स्वतःला, एक सालोमीला. तिला विचारलं नाही. वाटलं, खूश होईल.

“मी जिवंतपणी आईपाशी राहिलो नाही, बुवा. मेल्यावर तरी राहू द्या.”

“तुमच्या आईपाशी तुम्ही राहा,” सालोमी अंगणातून म्हणाली. ती आता वळली होती. “मी माझ्या तबीपाशी जाणार.”

तबी म्हणजे तबिथा, त्यांची एकुलती एक लेक. अकरा वर्षांची होऊन तापानं गेली. तिकडंच विनिपेगला पुरली आहे. भर थंडीत गेली. जमीन अशी गोठलेली, की यंत्रानं खड्डा करावा लागला. मूठमाती द्यायला माती सुटी होईना. सालोमीनं बर्फाचे खडे टाकले होते.

“अगं, पण तिकडं आता आपलं कोण आहे?” शांतवन म्हणाला. “आणि मेल्यावर कुठं का असेना, शेवटच्या दिवशी देवाचा कर्णा वाजला की सगळे मेलेले उठतील. ती तिथनं उठेल, आपण इथनं उठू. शास्त्र आहे ते.”

“कर्णा?” सालोमी पुढं आली. “शाळेची बस दारात भोंगा वाजवून जायची, तरी पोरगी उठायची नाही तुमची. तीनदा हाक मारायची, मग पांघरूण ओढायचं, मग तळव्याला गुदगुल्या करायच्या, तेव्हा एक डोळा उघडायची. तुम्ही कामावर गेलेले असायचा. तुम्हाला काय ठाऊक!”

“सालोमी...”

“सगळं जग उठून चालायला लागेल आणि माझी तबी तिथं एकटी झोपून राहील. तिला कोण उठवणार? सांगा की, बुवा. कोण उठवणार?”

बुवांचा हात आता थांबला.

एवढं शास्त्र पाठ असलेला माणूस. मला वाटलं, काहीतरी वचन सांगतील, समजूत घालतील.

ते म्हणाले, “माझी काठी द्या. जागा दाखव, शांत्या.”

कबरस्तान वस्तीच्या मागंच. ऊन कलतं होतं. शांतवनच्या खांद्यावर हात ठेवून बुवा पुढं, सालोमी त्यांच्या मागं चार हात अंतर राखून, आणि मी सगळ्यांच्या मागं. रिबकाबाईच्या कबरेवर साधा चुन्याचा ओटा आहे. त्याच्या बाजूला पंचांनी दोन खुंट्या ठोकून दिल्या होत्या.

“ही का?”

“हीच.”

“आडवा हो.”

“आँ?”

“घर घेताना आत फिरून बघतोस ना? मग आडवा हो.”

“बुवा, कपडे चांगले आहेत...”

“त्या दिवशी काय फाटके घालणार आहेस?”

शांतवन हळूहळू बसला, मग आडवा झाला. आमच्यात मेलेल्याचे पाय उगवतीला करतात, म्हणजे उठलं की तोंड प्रभूच्या दिशेला. त्यानंही पाय बरोबर उगवतीला केले. डोळे मिटून घेतले.

“कसं वाटतंय?”

“बरं वाटतंय, बुवा. आई इथं, हाताच्या अंतरावर...”

 एक टिटवी ओरडून गेली.

मग एकाएकी त्यांनी काठी दगडावर आपटली. कीर्तनातला तो जुना आवाज काढला, सगळं कबरस्तान घुमलं.

“शांतवन! सकाळ झाली! ऊठ!”

शांतवन दचकला. उठायला गेला.

उठता येईना. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. कोपरावर जोर दिला, कोपर मातीत रुतलं. कुशीवर वळला, धाप लागली. परत पाठीवर आला. बुवांचं तोंड दुसरीकडंच. मी पुढं व्हायला निघाले, तर बुवांनी काठी आडवी धरली. आंधळ्याला कसं कळलं, देव जाणे.

शांतवननं डावा हात वर केला. कुणाला हाक मारली नाही, काही नाही. नुसता हात.

सालोमी तीन दिवस त्याच्याशी बोललेली नव्हती. ती गेली, एक पाय त्याच्या पायाला टेकवला, हात धरला आणि झटक्यात त्याला उभा केला. रोज सकाळी करत असणार. पाठीवरची माती झटकली.

“नवा कोट आहे,” ती पुटपुटली. “अक्कल नाही.”

“कुणी उठवलं रे?” बुवांनी विचारलं.

 सालोमीचा हात शांतवनच्या हातातच होता.

“शांत्या, तुझी आई सकाळी किती वाजता उठायची?”

“आई? तिला घड्याळ कुठलं. कोंबड्याच्या आधी उठायची. आम्ही डोळे उघडायचो तर दळण झालेलं असायचं, पाणी भरलेलं असायचं.”

“तिला कुणी कधी उठवलं?”

“कधीच नाही.”

“आठव बरं. आजारपणात?”

“नाही बुवा... तीच सगळ्यांना उठवायची.”

हे बोलला आणि आपल्याच बोलण्यापाशी थांबला. आईच्या ओट्याकडं पाहिलं. मग सालोमीकडं पाहिलं. मग खाली बसता येईना म्हणून तिच्याच खांद्यावर डोकं टेकून रडला. तेवीस वर्षांचं होतं, वेळ लागला.

“तबी तिसरी हाक मारूनही नाही उठली तर?” त्यानं डोळे पुसत तिला विचारलं.

“मग पांघरूण ओढायचं,” सालोमी म्हणाली. “मी शिकवीन तुम्हाला.”

“तिकीट परतीचंच आहे आपलं.”

“ठाऊक आहे मला. मीच काढलं होतं.”

आणि दोघं हसली. इतक्या वर्षांनी त्या दोघांना एका तोंडानं हसताना मी पाहिलं. पुढची तीन वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. प्रत्येक पत्राच्या खाली दोघांची सही असायची.

पण त्या दिवशीचं राहिलंच. निघताना शांतवननं विचारलं, “बुवा, या जागेचं काय करू? पंचांनी लिहून दिली आहे.”

“मला दे.”

“तुम्हाला?”

“मला कुणी नाही उठवायला. रिबका उठवील.”

बुवा खाली बसले. हातानं चाचपून खुंटी शोधली, तिच्यावर तळवा ठेवला.

“आता तबीच्या जागेचा पत्ता सांग.”

शांतवननं सांगितला. शहर, रस्ता, फाटकाचं नाव, ओळ चौदावी, डाव्या हाताला, पांढऱ्या सालीच्या झाडाखाली. भरभर सांगितला, परदेशी माणसं बोलतात तसा.

बुवांनी मान हलवली.

“सावकाश सांग, पोरा. मला पाठ करायचाय. त्या दिवशी रिबका तिकडंच निघेल... तुझ्या आईला वाचता येत नव्हतं.”