शेजारणीची गाठ

तळ्याचा हा कोपरा होडीतूनच बघा, हात बाहेर नका काढू. पाण्यात उभं आहे ते रानभात. दाणे भरायच्या सुमारास बायका त्याच्या पेंड्या सालीच्या दोरीनं बांधतात, म्हणजे वारा आणि बदकं दाणे पाडत नाहीत. ज्या घराची गाठ, त्या घराचं भात, ही आम्हा ओजिब्वे लोकांची जुनी रीत. या कोपऱ्यात मात्र पहिली पेंडी शेजारणीच्या गाठीनं बांधतात. का, ते ऐका.

फार पूर्वी इथं निबिन नावाची बाई राहायची, असं सांगतात. पदरात दोन लहान पोरं. नवरा शिकारीला गेला तो परत आलाच नव्हता. हिवाळाभर पोरांना जगवायचं ते या भातावरच. एक दिवस ती दोऱ्या घेऊन आली आणि बघते तर काय, तिच्या पट्ट्यातल्या सगळ्या पेंड्या आधीच बांधलेल्या! गाठ दुहेरी वेढ्याची, म्हणजे शेजारच्या वाबिगुन आजीची.

आजीचे डोळे अधू झाले होते, पण ती कुणाला पत्ता लागू देत नव्हती. तिचा स्वतःचा पट्टा पलीकडे खडकापाशी मोकळाच राहिला होता आणि बदकांनी त्यात नुसता धुडगूस घातला होता.

निबिनला असा संताप आला की विचारू नका. "म्हातारीनं माझ्या पोरांच्या तोंडचा घास बांधून ठेवला की!" म्हणत ती तडक काठाकडे निघाली. वाटेत खडकापाशी आजीचा मोकळा पट्टा दिसला आणि म्हातारीला आता दिसत नाही, हे तिला उमगलं. वडीलधाऱ्यांना सांगितलं असतं तर त्यांनी गाठी सोडवून दिल्या असत्या. पण मग आजीला पुन्हा कुणी होडीत बसू दिलं नसतं. लेक तापानं गेल्यापासून आजीला त्या होडीखेरीज होतं तरी कोण? निबिन मधेच थांबली, पोटभर रडली म्हणे, आणि खडकापाशी जाऊन उरलंसुरलं भात आपल्या गाठीनं बांधून आली.

सुगीला सगळा गाव तळ्यावर उतरला. एकीनं होडी ढकलायची, दुसरीनं दोन काठ्यांनी दाणे होडीत झोडायचे. आजीची होडी गावातली एक नवखी सून ढकलत होती. दुहेरी गाठ दिसेल तिथं ती होडी नेई; पट्टा कुणाचा ते तिला ठाऊक नव्हतं. दाण्यांचा ढीग साचला. बायका म्हणाल्या, "काय गं आजी, या वयात काय बांधलंयस!" आजी खुलली, आणि अचानक तिचा हात थांबला. चाळीस सुग्या तिची होडी खडकाला वळसा घालायची. आज एकदाही वळली नव्हती.

"थांबा गं," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "हे भात माझं नाही. मला दिसत नाही आता. निबिनच्या लेकरांच्या तोंडचं काढलं मी."

निबिन होडी घेऊन जवळ आली.

"आजी, माझ्या होडीत ये. मी ढकलते, तू झोड. झोडायला डोळे कशाला लागतात? दाणे पडतात ते ऐकू येतंच की."

आजीनं तिचे दोन्ही हात धरले आणि तिथंच आपली दुहेरी गाठ तिला शिकवली. दोन्ही पट्ट्यांचं भात एकाच चुलीवर भाजलं, आणि पोरांनी हिवाळा काढला.

आजही इथल्या मुली आधी शेजारणीची गाठ शिकतात, मग आईची. आणि जिची नजर जाते तिला काठावर बसवत नाहीत. मलाही गेल्या तीन सुग्या काही दिसत नाही. उद्या पहाटे सुगीला या, मी होडीत पुढंच बसलेली असेन.