सगुणाचं गाळणं

हिरव्यागार धानाच्या शेतांमध्ये एक तळं होतं आणि तळ्याकाठी सगुणाची इवलीशी झोपडी. सगुणाची माय तळ्यातले शिंगाडे विकायची, त्यावरच मायलेकींचं पोट. पण नाल्यातून गावाची सगळी घाण तळ्यात येऊ लागली आणि शिंगाड्याचे नाजूक वेल कुजायला लागले.

"गावच सोडा लागते वो पोरी आता," माय म्हणाली. सगुणाच्या काळजात चर्र झालं.

सकाळी ती दूरच्या विहिरीवरून कळशी भरून येत होती. पाहते तर काय, तळ्यातल्या शेवाळात चतुर किड्याएवढी परी अडकलेली! जांभळे-चंदेरी पंख चिखलानं नुसते बरबटलेले. सगुणा गुडघाभर घाणीत उतरली. तिनं परीला अलगद ओंजळीत घेतलं आणि एवढ्या लांबून आणलेलं पाणी तिच्या पंखांवर ओतलं. कळशी रिकामी झाली, पण पंख कसे झगमगले!

"गोड मुली, माग काय हवं ते," परी किणकिणत्या आवाजात म्हणाली.

"माझं तळं नितळ कर ना!"

"करीन. पण माझे नियम आहेत बरं का. आधी जे हवं ते तुझ्या हातांनी छोटं करून दाखवायचं. मग दुसऱ्यांना शिकवायचं. जितके हात शिकतील, तितकं मी ते मोठं करीन."

आली का पंचाईत! पाणी गाळून बघायला सगुणा एक फुटकं मडकं घेऊन शाळेत गेली. बुडाच्या भोकावर खडे रचले, त्यावर वाळू पसरली आणि वर चुलीतली राख घातली. राखेनं भांडी लख्ख होतात, मग पाणी का नाही होणार? तिनं तळ्याचं पाणी ओतलं, तर खाली उतरलं राखाडी, आणखीच घाण! पोरं खो खो हसली. सगळ्यांत जास्त हसला तिच्या वर्गातला गोवर्धन.

सगुणाला रडूच फुटलं. पण पोरगी मोठी हट्टी हो! राख पाण्याबरोबर वाहून येते, हे तिनं नीट पाहिलं होतं. तिनं राख काढून टाकली, कोळसा कुटला, धुतला आणि वाळूच्या दोन थरांमध्ये दाबून बसवला. पुन्हा पाणी ओतलं. टप... टप... वाटीत नितळ थेंब चमकू लागले!

गोवर्धनचं हसू कुठल्या कुठे पळालं. "मले बी शिकवशीन?" त्यानं हळूच विचारलं.

सगुणा सरकून बसली. "ये ना! तू कोळसा धू. अन् हे पाणी नुसतं दिसते चांगलं, प्याचं असन तं उकळा लागते."

बघता बघता शाळेचं अंगण मडक्यांनी भरून गेलं.

तेवढ्यात परी गिरकी घेत आली. नाल्याच्या तोंडाशी खडे गडगडले, वाळू सळसळली, कोळशाचे थर चढले आणि उभं राहिलं भलंमोठं गाळणं! तळं निळंशार झालं, रुपेरी मासोळ्या उसळल्या, शिंगाड्याच्या वेलांवर पांढरी फुलं फुलली. गावभर एकच जल्लोष!

"शाब्बास, सगुणा!" परी म्हणाली आणि सोनेरी प्रकाशात विरून गेली.

मायच्या डोळ्यांतून आनंदाच्या धारा वाहू लागल्या. मग ती एकदम दचकली. "परी तं गेली वो! तळं पुन्हा घाण झालं तं?"

शाळेतल्या सगळ्या पोरांनी कोळशानं काळे झालेले हात उंच केले आणि ती एका दमात ओरडली, "आमाले येते!"