खिशात राहिलेला व्हिडिओ

खट् खटाक, खट् खटाक. मागांच्या एका गावात इरगोंडा नावाचा एक मुलगा फार वर्षांपूर्वी हा आवाज ऐकत पाळण्यात झोपायचा. आवाज थांबला की जागा होऊन रडायचा. पुढे एकेक माग बंद पडत गेला. इरगोंडा तरुण झाला तेव्हा गावात एकच हातमाग उरला होता, म्हाताऱ्या तुळसाक्काचा.

विणकराची चपळाई मात्र इरगोंडाच्या बोटांत उतरली होती. ती त्याने संगणकावरच्या गेममध्ये लावली. पंचक्रोशीत त्याच्या तोडीचा खेळाडू नव्हता. संगणकाच्या पोटात काय काय असते, तेही त्याला तोंडपाठ होते. गावात कुणाला साधा मोबाइल घ्यायचा झाला, तरी लोक आधी इरगोंडाला विचारत.

एके दिवशी गावात आनंदाची बातमी आली. गावची एक लेक परगावी डॉक्टर झाली होती. तिने वाचनालयाला नवा, दमदार संगणक द्यायचे कबूल केले. त्यावर पोरांनी गेम खेळावेत आणि शमीमने आपले व्हिडिओ करावेत, असे ठरले.

शमीम ही इरगोंडाच्या शेजारच्या गल्लीतली. तुळसाक्का त्या वेळी एक साडी विणत होती. शमीम त्या साडीचा पहिल्या धाग्यापासून शेवटच्या घडीपर्यंत व्हिडिओ करत होती. तो एका मोठ्या प्रदर्शनाला पाठवायचा होता. तिथे पसंत पडला, तर तुळसाक्काला मागासकट बोलावणे येणार होते. नाहीतर ही शेवटची साडी, मग माग मोडून चुलीत घालायचा, असे म्हातारीने ठरवून टाकले होते.

संगणकाचा सारा दम प्रोसेसरात असतो. तो कोणता घ्यायचा हे इरगोंडानेच ठरवावे, असे सगळे एका तोंडाने म्हणाले. तो कोल्हापूरला निघाला तेव्हा शमीम एसटी थांब्यावर धावत आली. तिने त्याच्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"इरू, यात अर्धा व्हिडिओ आहे. दुकानात लावून बघ. साडी रविवारी सकाळी मागावरून उतरेल. शेवटचा भाग जोडून बाराला मी मशीन कामाला लावीन. संध्याकाळी सहाच्या आत व्हिडिओ गेला पाहिजे. आणि चारला तुमची शेजारच्या गावाशी गेमची फायनल आहे. दोन्ही बसलं पाहिजे, बघ."

"बसतंय की," इरगोंडा म्हणाला. पेन ड्राइव्ह खिशात टाकून तो गाडीत चढला.

कोल्हापूरचे दुकान पाहून त्याचे भान हरपले. दुकानदार वणकुद्रे मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी एकाच किमतीचे दोन प्रोसेसर दाखवले. इरगोंडा मागांच्या गावचा, हे कळल्यावर ते म्हणाले, "असं समजा, याच्यात आठ माग आहेत आणि विणकर विजेसारखे. त्याच्यात सोळा माग, पण विणकर जरा सावकाश. गेमला धाव लागते, व्हिडिओला हात जास्त लागतात. सगळ्यात भारी असा कुठलाच नसतो. तुमचं काम लावा आणि बघा."

त्यांनी दोन संगणक शेजारी शेजारी मांडले. एकात आठवाला, एकात सोळावाला. दोन्हींवर एकच गेम सुरू केला. बघता बघता दुकानात गर्दी झाली. कुस्तीचा फड भरावा तशी माणसे उभी राहिली. कुणी आठवाल्याच्या बाजूचा, कुणी सोळावाल्याच्या. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा नाचत होता. आठवाला दोनशे चाळीसवर गेला. सोळावाला दोनशे दहावर थांबला. डोळ्यांना दोन्ही पडदे सारखेच दिसत होते. पण आकडा आकडा असतो. गर्दीने शिट्ट्या मारल्या. इरगोंडाच्या अंगात वारे भरले.

तेवढ्यात वणकुद्रे यांनी विचारले, "या मशीनवर आणखी काही काम करायचं आहे का?"

इरगोंडाचा हात खिशाकडे गेला. व्हिडिओ लावला तर सोळावाला जिंकणार, हे त्याला पुरते ठाऊक होते. जिंकला तर तोच न्यावा लागणार होता. मग गेममधले ते तीस जादा आकडे गेले. हात तसाच माघारी आला.

"नाही, एवढंच," तो म्हणाला आणि त्याने आठवालाच घेतला.

गावात संगणक आला तेव्हा पोरांनी हलगी वाजवली. खोके उचलायला दहा हात पुढे झाले. शमीमने गर्दीतून वाट काढत विचारले, माझा व्हिडिओ लावून पाहिलास ना? इरगोंडा वायरी सोडवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पाहिला की. दोन्हींत काही फरक नाही." शमीमचा त्याच्यावर भरवसा होता. ती खूश होऊन गेली.

शनिवारी दिवसभर वाचनालय दणाणून गेले. गेम असा पळत होता की बघणाऱ्यांची मान दुखावी. इरगोंडाचा जोडीदार दगडू म्हणाला की आता शेजारच्या गावाने फायनलला न येताच कप पाठवून द्यावा, तेवढाच त्यांचा वेळ वाचेल.

रविवारी सकाळी साडी मागावरून उतरली. शमीमने शेवटची घडी टिपली. बारा वाजता तिने सगळा व्हिडिओ जोडून मशीन कामाला लावले. पडद्यावर एक बारीक पट्टी आली. ती भरली की व्हिडिओ तयार. खाली वेळ दिसत होती. तिने वाचली, पुन्हा वाचली. साडेपाच तास.

तीन वाजले. पट्टी निम्म्यावर आली होती. साडेतीनला दगडू आणि त्याचे साथीदार हजर झाले. शेजारच्या गावची पोरे तिकडे आपल्या संगणकापुढे बसली होती.

"शमीम, ही पट्टी आहे का गोगलगाय?" दगडूने विचारले. "हिला म्हणावं जरा बाजूला हो, माणसांना खेळायचंय."

गेम चालवायचा तर व्हिडिओ थांबवावा लागणार होता. थांबवला की पुन्हा पहिल्यापासून साडेपाच तास. दारात तुळसाक्का मांडीवर नवी साडी घेऊन बसली होती. काय चालले आहे ते तिला नीट कळत नव्हते. ती प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होती.

शमीम पोरांकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही महिनाभर घाम गाळलाय. खेळा तुम्ही. आक्काला मी समजावीन." आणि तिने माउसवर हात ठेवला.

 इरगोंडा आणखी एक क्षण गप्प बसला असता, तर त्याची लबाडी कुणालाही कळली नसती. फायनल त्याची होती. कपही बहुधा त्याचाच होता.

"थांबवू नको," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक होता की त्याला पुन्हा सांगावे लागले. "थांबवू नको. दुकानात दुसरा प्रोसेसर होता. त्यावर हे काम चारच्या आधी झालं असतं. मी तुझा व्हिडिओ लावलाच नाही. तुला खोटं सांगितलं."

त्याने पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मग शेजारच्या गावाला फोन करून आम्ही खेळत नाही, कप तुमचा, असे कळवले. दगडूने त्याला दोन ठेवणीतल्या शिव्या दिल्या आणि पाय आपटत बाहेर गेला.

पण फार वेळ कुणाला बाहेर राहवले नाही. पट्टी सरकत होती. पाच वाजता नव्वद टक्के झाले. हळूहळू सगळी पोरे पडद्याभोवती जमली. दगडूही मागे येऊन टाचा उंचावून पाहू लागला. पंच्याण्णव झाले, शहाण्णव झाले. वीज जाऊ नये म्हणून एकाने हात जोडले. नव्व्याण्णववर पट्टी जी थांबली ती हलेना.  साडेपाच होऊन गेले, आणि पट्टी भरली. पावणेसहाला व्हिडिओ प्रदर्शनाच्या पत्त्यावर पोहोचल्याचा निरोप आला. वाचनालयात असा गलका उठला की समोरच्या झाडावरची पाखरे उडाली. तुळसाक्काने विचारले, गेला का? गेला, असे सगळे एकदम म्हणाले. "मग माग राहू दे अजून," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

इरगोंडा मात्र आत नव्हता. तो वाचनालयाच्या पायरीवर बसून होता. थोड्या वेळाने शमीम बाहेर आली. तो उठून उभा राहिला.

"उद्याच जाऊन प्रोसेसर बदलून आणतो," तो म्हणाला. "या वेळी तूही चल. तू म्हणशील तोच घेऊ."

शमीमने त्याच्याकडे पाहिले. पायांत चपला सरकवल्या. आणि त्याच्यासाठी न थांबता ती गल्लीच्या दिशेने चालू लागली.

तात्पर्य: सगळ्यांसाठी निवड करायचा मान ज्याला मिळतो, त्याने दुसऱ्याचे काम आधी तपासावे आणि आपली हौस शेवटी. चुकीची वस्तू एका दिवसात बदलून मिळते, मोडलेला भरवसा तसा मिळत नाही.