महाराजांच्या तोंडातला विडा

तळ्याचा बांध फुटला, अर्धा बाजार वाहून गेला, आणि राज्याचे सगळे थोर कारभारी काठावर उभे राहून शिकारीला गेलेल्या महाराजांच्या हुकुमाची वाट बघत राहिले!

राजा रणधीर परतला तो भडकूनच. "यांना स्वतःच्या डोक्यानं कारभार करायला शिकवा!" लांबलांबचे पंडित आले, महिनाभर प्रवचनं झाली. कारभाऱ्यांचे श्लोक पाठ झाले, पण काहीही विचारा, उत्तर तेच, "वर विचारून सांगतो!"

हे ऐकून राजाला विडे करून देणारा तानबा फिसकन हसला.

"हसतोस? मग उद्याच्या दरबारात तूच यांना तयार कर! नाही जमलं, तर बायकापोरांसकट राज्याबाहेर चालता हो!"

विडे लावता लावता तानबा विचार करू लागला. आपण शिकवणार? घरात वांगी आणायची की दोडकी, हेसुद्धा आपण कधी ठरवलं नाही! आपली विद्या ती केवढी, तर चुना किती नि कात किती. बरं, तेवढीच आहे तर तेवढीच वापरू.

दुसऱ्या दिवशी दरबार भरताच त्यानं महाराजांना विडा दिला. एवढा मोठा, की दोन्ही गाल फुगले!

बांधाचे कारभारी हैबतराव पुढे झाले. "महाराज, नवा बांध मातीचा की दगडाचा?"

"अं... ग्लं..." राजानं पिकदाणीसाठी हात केला.

"घासायला दिलीय, महाराज!" तानबा अदबीनं म्हणाला.

तोंड उघडावं तर पांढराशुभ्र अंगरखा रंगणार! राजानं नुसते डोळे वटारले. त्यातून माती की दगड, हे हैबतरावांना काही उमगेना. ते घामाघूम झाले. शेवटी डोळे मिटून ओरडले, "दगडाचा! पावसाच्या आत पुरा करतो!"

आपलाच आवाज ऐकून ते दचकले. मग कोठाराच्या कारभाऱ्यांनाही कंठ फुटला, "बाजारातल्या लोकांना उद्यापासून धान्य!" दुपारपर्यंत वर्षभराची तुंबलेली कामं उरकली.

तेव्हा कुठे पिकदाणी आली. राजा गरजला, "यांना शिकवायला सांगितलं, तर माझंच तोंड बंद केलंस?"

"महाराज, यांना सगळं येतच होतं! पण हत्तीच्या चाऱ्यात मीठ किती, हेही आपणच सांगता. मग यांनी बोलायचं कधी?"

राजानं हैबतरावांकडे पाहिलं. हैबतरावांनी जमिनीकडे पाहिलं. आणि राजा खो खो हसत सुटला! "म्हणजे ती प्रवचनं मीच ऐकायला हवी होती! तानबा, बक्षीस माग. जमीन की सोनं? बोल लवकर!"

तानबानं हात जोडले, "महाराज, घरी विचारून सांगतो!"

राजा इतका हसला, की त्यानं दोन्ही देऊन टाकलं.